मनोविकारांविषयीची समज: भूतबाधेपासून मेंदूपर्यंतचा प्रवास सरळ रेषेत झाला का?

शोधक

मनोविकारांच्या इतिहासावरील लेखांत एक ठरावीक कथा वारंवार वाचायला मिळते. पूर्वी लोक वेड म्हणजे भूतबाधा किंवा दैवी कोप समजत असत. मग रुग्णांना साखळदंडांत डांबण्याचे दिवस आले. पुढे फिलिप पिनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने ते साखळदंड तोडले. त्यानंतर फ्रॉइडने सुप्त मनाकडे लक्ष वेधले. आणि शेवटी औषधे आली व हा सारा मेंदूतील रसायनांचा प्रश्न असल्याचे सिद्ध झाले. ही मांडणी वाचायला सोयीची असली तरी तिच्यावर माझा पुरता विश्वास बसत नाही.

शंका मुख्यतः दोन आहेत. पहिली अशी की, हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांनी सुमारे २४०० वर्षांपूर्वीच आनंद, दुःख, भय आणि वेड या सर्वांचे मूळ मेंदूत आहे असे लिहून ठेवले होते. असे असताना त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी युरोपात चेटकिणींचा छळ कसा होऊ शकला? एकदा मिळालेले ज्ञान पुन्हा हरवले, की ते कधी पुरते स्वीकारलेच गेले नव्हते? दुसरी शंका अशी की, समज बदलली ती शास्त्रीय शोधांमुळे, की समाजाची नीतिमूल्ये बदलल्यामुळे? पुस्तकांत या दोन्ही गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात, त्यामुळे कशाचा वाटा किती हे उमगत नाही. जाणकारांनी शक्यतो ठोस घटनांच्या आधारे उत्तर द्यावे, ही विनंती.

कालिंदी

आपली पहिली शंका रास्त आहे. मात्र ज्ञान हरवले असे म्हणण्यापेक्षा, दोन स्पष्टीकरणे कायम शेजारी शेजारी नांदत होती असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. ज्या ग्रीक ग्रंथाचा आपण उल्लेख केला आहे तो मुळात अपस्माराविषयी आहे. अपस्माराला ‘पवित्र रोग’ म्हणणारे मांत्रिक आपले अज्ञान देवाच्या नावाखाली झाकतात, असा त्यात उघड आरोप आहे. याचा अर्थ ते मांत्रिक त्या काळी भरपूर होते आणि त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची वाण नव्हती. आपल्याकडे चरकसंहितेतही हेच दुहेरी चित्र दिसते. वात, पित्त, कफ यांच्या बिघाडातून होणारे उन्माद तिथे वेगळे सांगितले आहेत आणि बाहेरून येणारा, म्हणजे आगंतुक उन्माद वेगळा सांगितला आहे. त्यावरचे उपायही वेगवेगळे आहेत. तरीही त्याच संहितेच्या निदानस्थानात असेही स्पष्ट म्हटले आहे की, देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस निर्दोष माणसाला पीडा देत नाहीत; माणसाच्या स्वतःच्या प्रज्ञापराधातून, म्हणजे बुद्धीच्या चुकीतून, जे उद्भवते त्याचे खापर त्याने देवांवर फोडू नये. एकाच ग्रंथात भूतविद्याही आहे आणि तिच्यावर लगामही आहे. त्यामुळे ‘प्राचीन काळी लोक असे मानत’ या धर्तीचे एकेरी विधान वाचले की मी सावध होते.

युरोपातही चेटकिणींचा छळ चालू असतानाच, १५६३ मध्ये, योहान वायर या वैद्याने असे प्रतिपादन केले होते की, ज्या वृद्ध स्त्रियांना चेटकीण ठरवले जाते त्यांपैकी अनेक जणी आजारी आहेत आणि त्यांना वैद्याची गरज आहे. त्याचे ऐकणारे थोडे होते, ही गोष्ट वेगळी.

आता दुसऱ्या शंकेकडे येते. शोधांचा वाटा निश्चित मोठा आहे. पण तो कोणत्या प्रकारचा आहे हे पाहण्यासाठी एका आजाराची हकीकत जरा सविस्तर सांगते, कारण तीत या शास्त्राचा स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय मनोरुग्णालयांत असे असंख्य रुग्ण दाखल होत, ज्यांचा आजार मोठेपणाच्या भ्रमांनी सुरू होई. चांगला प्रपंच करणारा मध्यमवयीन माणूस एकाएकी स्वतःला सम्राट समजू लागे, पैसा उधळू लागे. मग त्याची वाचा अडखळू लागे, हातपाय लुळे पडत आणि काही वर्षांत तो मरण पावे. या विकाराची कारणे म्हणून अतिश्रम, मद्य, महत्त्वाकांक्षा, दुराचार अशी वाटेल ती नावे घेतली जात. १८२२ मध्ये बेल या तरुण फ्रेंच वैद्याने शवविच्छेदनाच्या आधारे दाखवले की या रुग्णांच्या मेंदूची आवरणे दाहाने ग्रासलेली असतात. त्यामागचा कर्ता मात्र सापडायला १९१३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू प्रत्यक्ष आढळले. १९१७ मध्ये व्हिएन्नातील वाग्नर-याउरेग यांनी रुग्णांना मुद्दाम मलेरियाची लागण करून, चढलेल्या तापाने हे जंतू मारण्याचा प्रयोग केला आणि नंतर क्विनाइन देऊन मलेरिया आटोक्यात आणला. या उपचाराला १९२७ चे नोबेल मिळाले. आज हा प्रकार अघोरी वाटतो, परंतु हमखास मरणाऱ्यांपैकी काही जण त्यामुळे वाचले. पुढे पेनिसिलिन आले आणि मनोरुग्णालयांतून हा आजार जवळजवळ नाहीसाच झाला.

पेलाग्रा या आजाराचेही तसेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील मनोरुग्णालयांत त्वचा सोलवटलेले, अतिसाराने खंगलेले आणि भ्रमिष्ट झालेले रुग्ण मोठ्या संख्येने येत. हा संसर्गजन्य रोग आहे अशी बहुतेकांची खात्री होती. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून आहाराचा मुद्दा लावून धरला आणि संसर्गाची कल्पना खोडून काढण्यासाठी १९१६ मध्ये स्वतःला व सहकाऱ्यांना रुग्णांचे रक्त टोचून घेतले. कोणालाही रोग झाला नाही. १९३७ मध्ये एल्व्हेजेम यांनी या आहारातील उणा घटक, म्हणजे नायसिन, ओळखला.

आता गंमत पाहा. कारण सापडताच पहिला आजार संसर्गरोगांच्या खात्यात गेला, दुसरा पोषणशास्त्राच्या आणि अपस्मार तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे त्याआधीच वर्ग होऊ लागला होता. मानसोपचारशास्त्राकडे नेहमी तेच आजार उरतात ज्यांचे कारण अद्याप सापडलेले नाही. म्हणूनच हे शास्त्र सतत चाचपडते आहे असा आभास होतो. त्याने जिंकलेला प्रत्येक मुलूख लगेच शेजाऱ्याच्या नावावर चढतो.

सव्यसाची

कालिंदी यांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु शोधांनी समज वाढली म्हणजे रुग्णांचे भले झाले, असा जो सूर त्यातून निघू शकतो त्याला माझी हरकत आहे. ज्ञान आणि कणव या दोन गोष्टी इतिहासात फारच क्वचित हातात हात घालून चालल्या आहेत.

आधी पिनेलची दंतकथा घेऊ. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात रुग्णांचे साखळदंड काढण्याचे काम १७९७ मध्ये झाले, तेव्हा पिनेल तिथे नव्हतेच. ते १७९५ मध्येच साल्पेत्रिएरला गेले होते. ते काम केले ज्यां-बाप्तिस्त प्युसँ या पर्यवेक्षकाने. हा मनुष्य वैद्य नव्हता. तो गंडमाळेचा रुग्ण म्हणून त्याच इस्पितळात आला होता आणि बरा झाल्यावर तिथेच नोकरीला लागला होता. पिनेल यांनी स्वतः प्युसँकडून आपण काय शिकलो हे मोकळेपणाने लिहिले आहे. तरीही १८७६ मध्ये रोबेर-फ्लरी या चित्रकाराने रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात मध्यभागी उभे आहेत ते पिनेलच. साखळदंडांच्या जागी हातबंद डगले आले हेही त्या चित्रात दिसत नाही. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे आश्रमवजा रुग्णालय सुरू करणारे विल्यम ट्यूक हे चहाचे व्यापारी होते. त्यांच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातील हॅना मिल्स ही स्त्री १७९० मध्ये तेथील जुन्या वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली होती आणि पंथबांधवांना तिची भेटही घेऊ दिली गेली नव्हती. त्या सलातून हा उपक्रम उभा राहिला. शांत परिसर, नियमित काम, सौजन्याची वागणूक एवढेच त्याचे भांडवल होते. मेंदूविषयी ट्यूक किंवा प्युसँ यांना त्यांच्या आधीच्या लोकांपेक्षा अधिक काही ठाऊक नव्हते.

याच्या उलट बाजूही पाहावी. एमिल क्रेपेलिन यांनी हजारो रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवून, आजाराचे आजचे रूप नव्हे तर त्याची दीर्घकालीन वाटचाल पाहिली पाहिजे असे दाखवले आणि १८९९ पर्यंत उन्माद-नैराश्याचा आजार व आज आपण ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो तो आजार यांची फारकत केली. ही कामगिरी खरोखरच मोठी आहे. त्यांची चौकट आजही मोडलेली नाही. परंतु ‘हा आनुवंशिक मेंदूविकार आहे’ या दृष्टीचा पुढचा प्रवास कुठे झाला? क्रेपेलिन यांच्याच म्युनिकमधील संस्थेत काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ अर्न्स्ट रुडिन हे जर्मनीच्या १९३३ च्या सक्तीच्या नसबंदी कायद्याच्या अधिकृत भाष्याचे सहलेखक होते. त्या कायद्याखाली लाखो लोकांची नसबंदी झाली, आणि १९४० व १९४१ या दोन वर्षांत सुमारे ७० हजार मनोरुग्णांना व अपंगांना विषारी वायूने मारण्यात आले. त्यांची निवड डॉक्टरांनीच केली होती. हे केवळ एका हुकूमशाहीचे पाप होते असेही समजू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नसबंदी १९२७ मध्येच वैध ठरवली होती.

म्हणून ‘हा पिशाच्चाचा नव्हे, मेंदूचा आजार आहे’ असे पटले की समाज आपोआप सहृदय होतो, हे गृहीत मला कधीच पटलेले नाही. भूतबाधा मानणारा समाज निदान त्या माणसाला पूर्वीचा माणूस परत मिळेल अशी आशा तरी बाळगत असे. आनुवंशिक दोषाच्या सिद्धांताने तीही काढून घेतली.

यथार्थ

वरील दोन्ही प्रतिसादांत कोणता आजार कशामुळे होतो याची चर्चा आहे. पण आजार कशाला म्हणायचे, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे आणि त्याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळत नाही.

१८५१ मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांनी मालकाकडून पळून जाणे हा एक मानसिक रोग असल्याचे जाहीर केले होते आणि त्यावर प्रतिबंधक उपाय म्हणून चाबकाचे फटके सुचवले होते. हे उदाहरण हास्यास्पद म्हणून सोडून देता येईल. पण समलैंगिकता हा विकार असल्याचे तर अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या अधिकृत यादीत १९७३ पर्यंत नमूद होते. त्या वर्षी विश्वस्त मंडळाने ती नोंद काढली, काही सदस्यांनी आक्षेप घेतला, आणि १९७४ मध्ये चक्क सदस्यांचे मतदान घेण्यात आले. ५८ टक्के मते निर्णयाच्या बाजूने पडली. जागतिक आरोग्य संघटनेला हेच पाऊल उचलायला १९९० साल लागले. क्षयरोग रोग आहे की नाही, यावर कोणी मतदान घेतल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

उलट दिशेचे उदाहरण सैनिकांचे आहे. पहिल्या महायुद्धात थरथर कापणारे, वाचा गेलेले, दृष्टी गेल्यासारखे वागणारे सैनिक मोठ्या संख्येने आघाडीवरून परतू लागले, तेव्हा १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ या नावाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तोफगोळ्यांच्या धक्क्याने मेंदूला इजा होते, अशी सुरुवातीची समजूत होती; मात्र गोळ्यांच्या जवळपासही न गेलेल्यांना तीच लक्षणे दिसू लागली, तेव्हा प्रश्न ‘हा आजार आहे की भित्रेपणा’ असा झाला. पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घालण्यात आलेल्या ३०६ ब्रिटिश व वसाहतींतील सैनिकांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी देण्यात आली, आणि त्यांपैकी काही जण आजारी असावेत हे त्यामागचे एक कारण होते. आघातानंतरचा तणावविकार म्हणजे पीटीएसडी हे निदान अधिकृत यादीत आले ते १९८० मध्ये, आणि तेही व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी व त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी नेट लावल्यावर. माणसांचे हाल १९१५ मध्ये होते तेच १९८० मध्ये होते. बदलली ती समाजाची ते मान्य करण्याची तयारी.

कालिंदी

यथार्थ, आपल्या मुद्द्यात तथ्य आहे. पण मतदानाच्या कथेने त्याआधीच्या वर्षांचे संशोधन झाकले जाते, म्हणून एक भर घालते. एव्हलिन हुकर यांनी १९५७ मध्ये ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलैंगिक पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, नावे व ओळख काढून टाकून, तज्ज्ञांपुढे ठेवल्या होत्या. कोणती चाचणी कोणाची, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. तोपर्यंतचे सारे सिद्धांत मुळात उपचारासाठी आलेल्या किंवा तुरुंगात असलेल्या व्यक्तींवरून बांधलेले होते, ही उणीव त्यातून उघडी पडली. हा अभ्यास हाती नसता, तर चळवळीच्या दबावाला ‘हा केवळ दबाव आहे’ असे म्हणून परतवणे सोपे गेले असते. समाजाने प्रश्न विचारायला भाग पाडले आणि पुराव्याने उत्तर दिले, असे मी म्हणेन.

सव्यसाची यांच्या शेवटच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. भूतबाधा मानणाऱ्या समाजाची आशा पुष्कळदा मारहाण आणि उपासमारीच्या मार्गाने व्यक्त होत असे.

शोधक

सर्वांचे आभार. मला अपेक्षित होते त्याहून उत्तर गुंतागुंतीचे निघाले, आणि ते बरेच झाले. एक उपप्रश्न राहतो. औषधांनी तरी मेंदूचे गुपित उघडले की नाही? ‘मेंदूतील रासायनिक असंतुलन’ हे शब्द इतके रूढ झाले आहेत की ते सिद्ध झालेले सत्य असावे असेच वाटते. शिवाय या साऱ्यात घरच्यांना, विशेषतः आईला, दोष देण्याची पद्धत कुठून आली?

कालिंदी

औषधांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. आधी कारण समजले आणि मग त्यावर औषध शोधले, असे जवळजवळ कधीच घडलेले नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांची कल्पना अशी होती की, उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विषारी द्रव्य असावे. त्या शोधात गिनिपिगांना टोचण्यासाठी त्यांनी लिथियमचा क्षार वापरला आणि प्राणी शांत झालेले पाहून १९४९ मध्ये तो रुग्णांना दिला. विषाची कल्पना चुकीची होती, लिथियम मात्र उपयोगी ठरले. भास-भ्रमांवरील क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग आधी लाबोरी या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराला बसणारा धक्का कमी करण्यासाठी केला होता. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये दले आणि देनिके यांनी ते मनोरुग्णांना दिले. नैराश्यावरील एक आरंभीचे औषध, इप्रोनियाझिड, हे तर क्षयाच्या रुग्णांना दिले जात असताना त्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसली म्हणून ध्यानात आले.

औषध लागू पडते असे दिसल्यावर ते मेंदूत काय करते याचा शोध सुरू झाला. त्यातून, अमुक औषध अमुक द्रव्य वाढवते, त्या अर्थी आजारात तेच द्रव्य कमी असणार, असा तर्क निघाला. डोके दुखताना अ‍ॅस्पिरिनने आराम पडतो, म्हणून डोकेदुखी ही अ‍ॅस्पिरिनच्या कमतरतेने होते असे कोणी म्हणत नाही; इथे मात्र तसेच म्हटले गेले. नैराश्यात सेरोटोनिन हे मेंदूतील द्रव्य कमी असते याला सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यातही निघाला. परंतु येथे गल्लत होऊ नये. स्पष्टीकरण अपुरे ठरले म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही; लिथियमचे कार्य नेमके कसे चालते याविषयी आजही एकमत नसले तरी त्याने आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते हे चांगले सिद्ध झाले आहे. हा धागा वाचून कोणीही चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण काही औषधे एकाएकी थांबवल्याने गंभीर त्रास होतो.

आईला दोष देण्याची प्रथा ही मनोविश्लेषणाच्या भरभराटीच्या काळातील देणगी आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली. स्वमग्न मुलांच्या मातांवरही थंडपणाचा आरोप झाला. ज्या कुटुंबांवर आधीच डोंगर कोसळला होता त्यांना दोन दशकांहून अधिक काळ गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले, आणि त्यासाठी पुरावा म्हणावा असे काही नव्हते. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा वाटा दाखवला, तेव्हा हा आरोप मागे पडला. सव्यसाची यांनी सांगितलेला आनुवंशिकतेचा काळा इतिहास खरा आहेच, पण याच कल्पनेने लाखो आईवडिलांना दोषमुक्त केले, हेही त्याच वहीत नोंदवावे लागेल. आता स्किझोफ्रेनियाशी निगडित अशी जनुकसंचातील २८७ स्थाने २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळली आहेत. त्यांतील बहुतेकांचा एकेकटा प्रभाव अत्यल्प आहे. १९३३ च्या कायद्यामागे जी ‘सदोष वंश’ नावाची ढोबळ कल्पना होती, तिचा यात मागमूसही नाही.

सव्यसाची

वहीत नोंद केली. आणखी एक विचारतो: कारण सापडताच आजार दुसऱ्या खात्यात जातो, असे आपण वर म्हटले होते. हे अलीकडच्या काळातही घडले आहे का, की तो जुना अध्याय आहे?

कालिंदी

अलीकडेही घडले आहे. २००७ मध्ये जोसेप दल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आजाराचे वर्णन केले, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदूतील एनएमडीए नावाच्या ग्राहींवरच, म्हणजे पेशींवरील संदेश टिपणाऱ्या रेणूंवरच, हल्ला करते. रुग्ण बहुधा तरुण स्त्रिया असतात आणि काहींच्या बाबतीत बीजाशयातील गाठ हे त्याचे निमित्त असते. सुरुवातीला संशय, भास, असंबद्ध बोलणे, कमालीची अस्वस्थता अशीच लक्षणे दिसत असल्याने यांतील अनेक जणी प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे पोहोचतात; पुढे झटके येतात, हालचाली विचित्र होतात, श्वासही मंदावू शकतो. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात विशिष्ट प्रतिपिंडे सापडली की निदान पक्के होते. गाठ असल्यास ती काढून आणि प्रतिकारयंत्रणा शमवणारे उपचार करून बहुसंख्य रुग्ण सुधारतात. २००७ च्या आधी यांतील किती जणींवर स्किझोफ्रेनियाचा किंवा कॅटाटोनियाचा (हालचाल व बोलणे गोठून जाण्याच्या अवस्थेचा) शिक्का बसला असेल, हे आता मोजता येणार नाही. उपचार सहसा मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतात, म्हणजे हाही मुलूख गेलाच.

जे उरले आहे त्याचे निदान अजूनही मुख्यतः बोलणे, निरीक्षण आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत यांवरच होते. स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य रक्ततपासणीत दिसत नाही. पहिल्यांदाच अशी लक्षणे दिसलेल्या रुग्णाच्या थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व इत्यादी तपासण्या डॉक्टर करून घेतात, त्या शारीरिक कारण असल्यास ते निसटू नये म्हणून. सिफिलिसची चाचणीही अनेक ठिकाणी त्या यादीत असते.